शकणे, पाहिजे, नये, चालेल : इंग्रजीची मोडल क्रियापदे मराठीतून

हा धडा कशासाठी

डॉक्टर सांगतात, "यू नीड नॉट टेक धिस टॅब्लेट इफ देअर इज नो पेन." सोबत आलेला नातू आजीला सांगतो, "दुखत नसेल तर ही गोळी घ्यायची नाही." नातवाने एकही शब्द गाळला नाही, तरी अर्थ बदलला. डॉक्टरांनी मोकळीक दिली होती. आजीपर्यंत मनाई पोहोचली. "दुखत नसेल तर नाही घेतली तरी चालेल" असे म्हटले असते, तर डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे पोहोचले असते.

घोटाळा झाला तो "नीड नॉट" या जोडीत. इंग्रजीत कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड ही नऊ लहान क्रियापदे आहेत. त्यांना मोडल व्हर्ब म्हणतात. नीड, हॅव टु, ऑट टु ही त्यांची जवळची भावंडे. मुख्य क्रियापद काम सांगते. ते काम जमते की नाही, करायची परवानगी आहे की सक्ती, ते घडेल असा नुसता अंदाज आहे की खात्री, हे मोडल क्रियापद सांगते. मराठीत हेच काम शकणे, येणे, लागणे, पाहिजे, हवे, नये, नको, चालेल हे शब्द आणि "करावे", "करू का" अशी क्रियापदाची रूपे वाटून घेतात.

हौगांगमध्ये वाढणारी मुले शाळेत इंग्रजीतून शिकतात. सिंगापूरच्या शाळांत भारतीय मुलांना तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भाषांपैकी एक घेता येते. मराठी त्यांत नाही. तेव्हा मराठी टिकते ती घरात, आणि अशा वर्गांत. घरातली वडील माणसे मराठीत विचार करून इंग्रजी बोलतात. मुले इंग्रजीत विचार करून मराठी बोलतात. दोघांची गाडी नेमकी याच लहान शब्दांपाशी अडते. म्हणून हा धडा मुलांनी आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून वाचावा.

इंग्रजी मोडलचे चार नियम

१. मोडल क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. आय कॅन, ही कॅन, शी कॅन, दे कॅन. "ही कॅन्स" असे कधीच होत नाही.

२. त्याच्यापुढे मुख्य क्रियापदाचे मूळ रूप येते, मध्ये "टु" येत नाही. "शी मस्ट गो" बरोबर. "शी मस्ट टु गो" आणि "शी मस्ट गोज" दोन्ही चूक. (ऑट टु आणि हॅव टु यांच्यात "टु" असतो.)

३. प्रश्न करताना मोडल पुढे जाते आणि नकार देताना त्याच्यामागे "नॉट" लागते. "कॅन शी कम?" "शी कॅनॉट कम." "डू" किंवा "डज" लागत नाही. हॅव टु मात्र "डू" मागते : "डू वुई हॅव टु गो?"

४. एका क्रियापदाला एकच मोडल. "आय विल कॅन कम" होत नाही. तिथे "आय विल बी एबल टु कम" म्हणावे लागते.

मराठीची चाल याच्या उलट आहे. "शकणे" हे पूर्ण क्रियापद आहे. ते लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे बदलते : तो वाचू शकतो, ती वाचू शकते, ते वाचू शकतात, ती वाचू शकली. आणखी एक गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी. "शकणे" असले की भूतकाळात कर्त्याला "ने" लागत नाही. "मुलाने पुस्तक वाचले", पण "मुलगा पुस्तक वाचू शकला".

हिब्रू शिकणाऱ्यांना ही चाल ओळखीची वाटेल. हिब्रूतही "याखोल" हा शब्द पुरुषासाठी आणि "येखोला" स्त्रीसाठी असतो, शकतो आणि शकते यांच्यासारखाच.

एक कॅन, मराठीत तीन

"आय कॅन" याला मुले सरसकट "मी शकतो" म्हणतात. हिंदीतले "सकना" शाळेत शिकलेले असल्यामुळे ही सवय आणखी घट्ट होते. जुनी मराठी बोलणारी माणसे मात्र तीन वेगळ्या गोष्टी तीन वेगळ्या तऱ्हांनी सांगतात.

पहिली तऱ्हा, शिकून आलेली कला : "मला पोहता येते." "तिला हिब्रू वाचता येते." येथे कर्त्याला "ला" लागतो आणि क्रियापदाला "-ता". पोहायला शिकलेले आहे, एवढेच यातून कळते.

दुसरी तऱ्हा, परिस्थितीने शक्य असणे : "आज तलाव उघडा आहे, मी पोहू शकतो." "रविवारी आम्ही येऊ शकतो." अशा जागी "येता येईल" हेही चालते : "रविवारी आम्हाला येता येईल."

तिसरी तऱ्हा, अंगातले बळ : "आजीला आता जिना चढवत नाही." "आजोबांना फार वेळ बसवत नाही." "ताप होता, मला जेववले नाही." मराठी व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. धातूला "व" जोडून ते होते. आजीला जिना चढता येतो, म्हणजे चढायचे कसे ते तिला ठाऊक आहे. पण तिला तो चढवत नाही, म्हणजे गुडघे साथ देत नाहीत. जुन्या एचडीबी इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, त्या काळी एखाद्या आजीने हे वाक्य रोज म्हटले असेल.

इंग्रजीत या तिन्हींना "कॅन" एवढा एकच शब्द. त्यामुळे "शी कॅनॉट क्लाइंब द स्टेअर्स" असे सांगितल्यावर डॉक्टर पुढे विचारतात : गुडघा दुखतो, दम लागतो, की भीती वाटते? मराठीतून इंग्रजीत नेताना हे कारण वेगळे सांगावे लागते. आजी "चढवत नाही" म्हणाली, तर नातीने "शी डज नॉट हॅव द स्ट्रेंग्थ टु क्लाइंब" म्हणावे. नुसते "कॅनॉट" म्हटले तर आजीने सांगितलेले अर्धे वाटेतच राहते.

शक्य क्रियापद मुलांच्या तोंडून जवळजवळ नाहीसे झाले आहे. शिवाय ते प्रयोजक क्रियापदासारखे दिसते, त्यामुळे मुले गोंधळतात. "आजीला चालवत नाही" म्हणजे आजीच्या पायांत बळ नाही. "बाबा गाडी चालवत नाहीत" हे वेगळे. "ला" कोणाला लागला आहे ते पाहिले की अर्थ लगेच कळतो.

हौगांगचे कॅन आणि कोकणचे चालेल

हौगांग हे नाव तेओच्यू लोकांच्या "आउ-कांग" या नावाचे मँडरिन रूप. अर्थ नदीच्या मागचा भाग. या भागात तेओच्यू आणि होक्कियन बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. इथल्या दुकानात, लिफ्टमध्ये, फूड सेंटरमध्ये जे इंग्रजी कानावर पडते, त्यात "कॅन" एकटाच अख्ख्या वाक्याचे काम करतो. "टुमॉरो, कॅन?" "कॅन." "कॅन ऑर नॉट?" "कॅनॉट." त्याला शेपट्याही लागतात : "कॅन लाह" म्हणजे चिंता नको, होईल, "कॅन मेह?" म्हणजे खरेच होईल का, शंका आहे, "कॅन हॉर?" म्हणजे होईल ना, दुजोरा द्या.

वडीलधाऱ्यांना हे इंग्रजी तुटके वाटते. पण मराठीच्या अंगाने पाहिले तर ते फार ओळखीचे आहे. "उद्या चालेल?" "चालेल." "चालेल की!" "चालेल ना?" कर्ता नाही, कर्म नाही, आणि तरी व्यवहार पुरा होतो. मलायमधले "बोलेह" असेच एकटे उभे राहते. मँडरिनमध्ये होकार देताना "शिंग" म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ चालणे, जाणे असाच आहे. म्हणजे चिनी शेजारी "शिंग" म्हणतो आणि मराठी माणूस "चालेल" म्हणतो, तेव्हा दोघेही चालण्यावरूनच होकार देत असतात.

येथे मुलांनी एक सीमा पाळावी. शाळेच्या परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत "कॅन ऑर नॉट" लिहू नये. तिथे "कॅन वुई मीट टुमॉरो?" किंवा "वुड टुमॉरो बी ऑल राइट?" असे पूर्ण वाक्य लागते. सिंगापूर सरकारने २००० साली शुद्ध इंग्रजी बोलण्याची मोहीम सुरू केली ती याच काळजीपोटी. दुकानात बोलायची भाषा आणि अर्जात लिहायची भाषा यांत फरक असतो; घरची मराठी आणि छापील मराठी यांतही असतो. "मला जायचंय" आपण बोलतो, "मला जायचे आहे" लिहितो.

मस्ट, हॅव टु, शुड

सक्तीचे तीन प्रकार आहेत. येथे मराठी आणि इंग्रजी एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात.

मस्ट : बोलणाऱ्याला स्वतःलाच ते आवश्यक वाटते. "आय मस्ट कॉल माय ग्रँडमदर." मराठीत "मी आजीला फोन केला पाहिजे" किंवा "करायलाच हवा".

हॅव टु : बंधन बाहेरून आलेले. "आय हॅव टु गेट अप ॲट सिक्स." शाळा साडेसातच्या सुमारास भरते म्हणून "मला सहाला उठावे लागते". सिंगापूरच्या तरुण पुरुष नागरिकांना दोन वर्षे राष्ट्रीय सेवा करावी लागते. तिथे "दे हॅव टु सर्व्ह". आवडनिवड विचारात नसली की मराठीत "लागणे" येते.

शुड : सल्ला, योग्य काय ते. "यू शुड रेस्ट." मराठीत "तुम्ही विश्रांती घ्यावी" किंवा "घ्यायला हवी". "-वे" या रूपाला व्याकरणात विध्यर्थ म्हणतात. कर्तव्य, इच्छा, योग्यता, तर्क अशा अनेक छटा तो सांभाळतो. "मुलांनी वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा" हे कर्तव्य. "आज पाऊस पडावा" ही इच्छा. "आता थोडे झोपावे" हा सल्ला.

"पाहिजे" अनेकवचनात "पाहिजेत" होते : पत्र लिहिले पाहिजे, पत्रे लिहिली पाहिजेत. मुले हे विसरतात.

मस्टला भूतकाळ नाही. "काल मला जावे लागले" याचे "आय मस्टेड" होत नाही; "आय हॅड टु गो" होते. भविष्यकाळातही तसेच : "उद्या जावे लागेल" म्हणजे "आय विल हॅव टु गो".

नये, नको आणि गरज नाही

या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. एक चूक येथे जिवावर बेतू शकते.

"मस्ट" आणि "हॅव टु" होकारात जवळजवळ सारखे. नकारात मात्र त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात.

यू मस्ट नॉट गो : जाऊ नये, जायचे नाही. मनाई.
यू डोन्ट हॅव टु गो, यू नीड नॉट गो : जायची गरज नाही, नाही गेले तरी चालेल. मोकळीक.

मराठीत "पाहिजे"चा नकार "नको" आहे, आणि "जायला नको" याला दोन्ही अर्थ आहेत. "उद्या सुट्टी आहे, शाळेत जायला नको" यात मोकळीक आहे. "एवढ्या पावसात जायला नको" यात मनाईच्या जवळचा सल्ला आहे. बोलताना आवाजावरून आणि प्रसंगावरून अर्थ कळतो. भाषांतर करताना आवाज बरोबर येत नाही.

आता योम किप्पूरचा उपास घ्या. बेने इस्राएल वडीलधारे ज्याला दारफाळणीचा सण म्हणत, तोच हा दिवस. घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, कोणाशी व्यवहार न करता तो पाळला जाई. या एका उपासात तिन्ही मोडल दिसतात.

निरोगी प्रौढाने उपास केलाच पाहिजे : मस्ट फास्ट.

लहान मुलाला उपास करावा लागत नाही : डज नॉट हॅव टु फास्ट. मुलीला १२ आणि मुलाला १३ वर्षे पूर्ण झाली की बंधन लागू होते. त्याआधी मोठी होत चाललेली मुले काही तास राहून सराव करतात.

उपासाने ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याने उपास करूच नये : मस्ट नॉट फास्ट. येथे धर्मशास्त्र नुसती सूट देत नाही. जीव वाचवणे, म्हणजे पिकुआख नेफेश, हे जवळजवळ सर्व आज्ञांच्या वर आहे. म्हणून अशा माणसाने खाणे हेच त्याचे कर्तव्य ठरते.

घरात मधुमेहाचे औषध घेणारे आजोबा आहेत असे समजा. डॉक्टर म्हणतात, "ही मस्ट नॉट फास्ट." नातू सांगतो, "आजोबा, तुम्ही उपास करायला नको." आजोबांच्या कानाला ती मोकळीक वाटते : गरज नाही, पण केला तर केला. ज्या माणसाने आयुष्यभर हा उपास चुकवला नाही, तो म्हणणार, "गरज नसली तरी मी करीन." इंग्रजीतली मनाई मराठीत सवलत झाली, आणि सवलत न घेण्यात आजोबांना अभिमान वाटला. त्याऐवजी नातवाने म्हणावे : "आजोबा, डॉक्टर म्हणतात, तुम्ही उपास करायचाच नाही. जिवाला धोका आहे." मग आजोबांना वाटले तर ते आपल्या रब्बींना किंवा हझानांना विचारतील. पण विचारताना मूळ सांगणे बरोबर पोहोचलेले असेल.

उलट बाजूनेही हीच काळजी घ्यावी. आजी "मला तिखट खायला नको" म्हणाली तर तिला नको आहे, की डॉक्टरांनी बंद केले आहे? "शी डज नॉट वाँट टु" की "शी मस्ट नॉट"? ठाऊक नसेल तर आधी आजीला विचारावे, मग भाषांतर करावे.

नकाराची मराठी रूपे अशी लक्षात ठेवावीत :

१. समोरच्याला थेट सांगायचे : जाऊ नकोस, जाऊ नका. "डोन्ट गो."
२. सर्वांना लागू असलेला नियम : जाऊ नये. "वन मस्ट नॉट गो" किंवा "शुड नॉट गो".
३. ठाम मनाई : जायचे नाही. "यू मस्ट नॉट गो", "यू आर नॉट टु गो".
४. मोकळीक : जायची गरज नाही, जावे लागत नाही, नाही गेले तरी चालेल. "नीड नॉट", "डोन्ट हॅव टु".
५. असमर्थता : जाता येत नाही, जाऊ शकत नाही, जाववत नाही. "कॅनॉट".

समाजाच्या जुन्या गोष्टीतले उदाहरण घेऊन पाहावे. कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या आपल्या पूर्वजांना गावकरी शनिवार तेली म्हणत. "ते शनिवारी घाणा चालवत नसत" हे त्यांचे वागणे. "शनिवारी घाणा चालवू नये" हा त्यांचा नियम. "त्यांना शनिवारी घाणा चालवावा लागत नसे" असे म्हटले, तर जणू कोणी मालकाने सुट्टी दिली होती असे वाटेल, आणि गोष्टच बदलेल.

हिब्रूतही असा भेद आहे. कायमच्या मनाईसाठी "लो" येतो आणि त्या वेळेपुरत्या नकारासाठी "अल". नये आणि नको यांच्यातला फरक ज्याला कळतो, त्याला लो आणि अल समजायला वेळ लागत नाही.

अंदाज आणि खात्री

मोडल क्रियापदे अंदाजासाठीही येतात. तेव्हा "मस्ट"चा अर्थ "पाहिजे" राहत नाही. "ही मस्ट बी टायर्ड" म्हणजे "तो दमला पाहिजे" असे नव्हे. "तो दमला असणार". दाराची बेल वाजली आणि कोण आले असेल ते ठरवायचे आहे असे समजून पुढची पायरी उतरावी :

मस्ट बी : मामाच असणार. जवळजवळ खात्री.
शुड बी : आता मामाच असायला हवा, यायची वेळ झाली आहे.
मे बी : मामा असेल.
माइट बी : मामा असेलही कदाचित.
कान्ट बी : मामा असणे शक्य नाही, तो मुंबईत आहे.

"असावा" हे रूप खूण पाहून केलेल्या तर्कासाठी आहे. दारात ओली छत्री दिसली, तर "बाहेर पाऊस पडत असावा". इंग्रजीत "इट मस्ट बी रेनिंग".

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना मोडलनंतर "हॅव" आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. येथे एकेका शब्दाने गोष्ट फिरते :

ही मस्ट हॅव कम : तो आला असणार.
ही मे हॅव कम : तो आला असेल.
ही शुड हॅव कम : त्याने यायला हवे होते. (आला नाही.)
ही कुड हॅव कम : तो येऊ शकला असता. (आला नाही.)
ही नीड नॉट हॅव कम : तो आला नसता तरी चालले असते. (आला.)
ही हॅड टु कम : त्याला यावे लागले. (आला.)

कंसातला निकाल पाठ केला की ही वाक्ये पुन्हा चुकत नाहीत.

विनंती आणि परवानगी

इंग्रजीत "कॅन यू" पेक्षा "कुड यू" आणि "वुड यू" अधिक नम्र. रूप भूतकाळी असले तरी अर्थाने ती आताचीच विनंती असते. मराठीत नम्रता येते ती तुम्ही, जरा, "-ल का" आणि "-ता का" यांतून.

मुले "कॅन यू गिव्ह मी सम वॉटर?" याचे "आजी, तू मला पाणी देऊ शकतेस का?" करतात. आजीला वाटते, आपल्या ताकदीचीच चौकशी चालली आहे. "का नाही देऊ शकणार? हात काय मोडलेत माझे?" असे उत्तर आले तर तिची चूक नाही. "आजी, पाणी देतेस का?" किंवा "आजोबा, जरा पाणी द्याल का?" हे मराठी.

परवानगी मागताना "मी आत येऊ शकतो का?" पेक्षा "मी आत येऊ का?" म्हणावे. इंग्रजीत "मे आय कम इन?" परीक्षेत आणि मोठ्यांशी बोलताना "मे" वापरावा, मित्रांमध्ये "कॅन" चालतो.

"-ऊ का" हेच रूप आपण मदत देऊ करतानाही वापरतो. "चहा टाकू का?" म्हणजे "शॅल आय मेक सम टी?" आणि निघताना पाहुणा म्हणतो, "येऊ का मग?" तो आत येत नाही, निघतो आहे. मराठी घरात निघताना "जातो" म्हणणे अशुभ मानतात, म्हणून "येतो" म्हणतात. याचे इंग्रजी "शॅल आय कम?" केले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. "आय शुड बी गोइंग नाउ" हे बरोबर.

मराठीतून व्याकरण शिकण्याची परंपरा

मराठीच्या आधाराने दुसरी भाषा शिकणे बेने इस्राएल समाजाला नवे नाही. १८३२ साली जॉन विल्सन यांनी या समाजासाठी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण त्यानंतर, १८३६ साली आले. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

या भाषांतरकारांपुढे प्रत्येक आज्ञेपाशी हाच प्रश्न उभा राहिला असणार : येथे "करावे" लिहावे, "करशील" की "केलेच पाहिजे"? "नको" की "नये"? आज पॉलिक्लिनिकमध्ये आजीशेजारी बसलेल्या नातीपुढेही तोच प्रश्न असतो.

सराव

खालील वाक्यांचे इंग्रजी करावे. आधी उत्तर लिहावे, मग पडताळून पाहावे.

१. आजोबांना आता जिना चढवत नाही.
२. उद्या सुट्टी आहे, शाळेत जायला नको.
३. ट्रेनमध्ये काही खाऊ नये.
४. काल मला दोन तास थांबावे लागले.
५. तिने फोन करायला हवा होता.
६. दिवा चालू आहे, ते घरीच असणार.
७. ओले खोबरे नसेल तर सुके चालेल.
८. काका, जरा खिडकी लावता का?

उत्तरे

१. ग्रँडफादर नो लाँगर हॅज द स्ट्रेंग्थ टु क्लाइंब द स्टेअर्स. ("कॅनॉट क्लाइंब" चालेल, पण कारण सुटते.)
२. टुमॉरो इज अ हॉलिडे. वुई डोन्ट हॅव टु गो टु स्कूल. ("मस्ट नॉट" लिहिल्यास चूक.)
३. यू मस्ट नॉट ईट ऑन द ट्रेन. (सिंगापूरच्या एमआरटीत याला दंड आहे, म्हणून "शुड नॉट" कमी पडते.)
४. आय हॅड टु वेट फॉर टू आवर्स यस्टर्डे.
५. शी शुड हॅव कॉल्ड.
६. द लाइट इज ऑन. दे मस्ट बी ॲट होम.
७. इफ देअर इज नो फ्रेश कोकोनट, ड्राय कोकोनट विल डू. ("विल डू" म्हणजे अगदी "चालेल".)
८. अंकल, वुड यू क्लोज द विंडो, प्लीज?

घरचा अभ्यास

घरातल्या वडीलधाऱ्यांनी एलियाहू हनाबीच्या मलिद्याची कृती मराठीत सांगावी. मुलांनी ती बोलली तशी लिहून घ्यावी आणि पाहिजे, नये, नको, चालेल, लागते, "-वे" हे सर्व शब्द अधोरेखित करावेत. "पोहे फार भिजवू नयेत", "खोबरे ओलेच पाहिजे", "फळे पाच असावीत", "बदाम नसले तरी चालतील" अशी वाक्ये सापडतील. मग प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करावे आणि वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. "पाहिजेच" कुठे आणि "चालेल" कुठे, हे घरोघरी वेगळे असते. दोन घरांच्या वह्या पुढच्या वर्गात शेजारी ठेवून पाहाव्यात.